केरबा आचाऱ्याचा अंदाज

"आदी झाकण उघडून दाव, मंग बोल."

केरबा आचारी हे वाक्य दिवसातून कितीदा म्हणायचा, ते त्याच्या बायकोनंही कधी मोजलं नाही. दुकानातून तेलाचा डबा आला तरी हेच, मिरचीपूड आली तरी हेच. सोयरिकीची बोलणी करायला पाहुणे आले आणि आपल्या पोराचं कौतुक सांगू लागले, तरी ओट्यावर बसल्या बसल्या केरबा हेच म्हणायचा, आणि पाहुण्यांच्या घशात चहा अडकायचा.

औंढ्याचा हा माणूस. उंच, वाळका, खांद्यावर कायम पंचा, नाक जरा पुढं आलेलं, जणू प्रत्येक गोष्टीचा वास आधी घ्यायचा म्हणूनच देवानं ते तसं घडवलेलं. आसपासच्या गावांत लग्न असो, दहावा असो की भंडारा, चुलाणं पेटायचं ते केरबाच्या हातानं. लोणावळ्याच्या एका हॉटेलानं त्याला पगारावर बोलावलं होतं. तो गेला नाही. म्हणाला, "तितं जेवनारा कोन, कुटला, ठाव न्हाई. न बघितलेल्या तोंडासाटी मी रांधत न्हाई."

त्याला अभिमान होता तो आपल्या अंदाजाचा. मांडवाचा धनी सांगेल त्या आकड्यावर त्यानं कधी विश्वास ठेवला नाही. भावकीत कोण कुणाशी बोलतं, त्या दिवशी शेजारच्या गावात दुसरं लग्न आहे का, ऊन किती आहे, हे सगळं चार दिवस हिंडून तो हेरायचा आणि मग तांदूळ काढायचा. पंगती उठेपर्यंत पातेल्यांचा बहुधा तळ दिसायचा.

पण लोक त्याला बोलवायचे ते आणखी एका गोष्टीसाठी. आपल्याकडं अन्न कमी पडलं तर धन्याची लाज जाते, आणि ढिगानं उरलं तरी जाते, कारण त्याचा अर्थ एकच निघतो: बोलावलेली माणसं आली नाहीत. म्हणून शेवटची पंगत उठली की केरबा पातेल्यांवर झाकणं घालायचा, वरून ओलं फडकं बांधायचा आणि उरलंसुरलं आपल्या शेताच्या कडेच्या खड्ड्यात नेऊन मातीआड करायचा. किती उरलं, हे त्याच्या तोंडून कधी बायकोलाही कळलं नाही.

त्याच्या मयत भावाची पोरगी सारिका त्याच्याच घरात वाढली, तळेगावला कॉम्प्युटर शिकली. पुण्याचा प्रज्ञेश नावाचा एक मित्र आणि ती, दोघं मिळून फोनवरचं एक ॲप बनवत होते. नाव ठेवलं होतं 'उरलंसुरलं'. एका दुपारी केरबा लसूण सोलत बसला असताना तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"तात्या, यात दोनच बटणं. अन्न खाण्यासारखं असेल तर हे दाबायचं. टेम्पो येतो आणि गरजू माणसांकडं नेतो. नासलेलं असेल, साली, देठं, पत्रावळ्या असतील, तर हे दुसरं. ते टाकव्याच्या बायकांच्या खतखड्ड्यावर जातं."

"टेम्पो कोनाचा?"

"कामशेतच्या रज्जाकभाईंचा."

"डिझेल कोन घालतं?"

"सध्या आम्हीच."

"का?"

"का म्हणजे? अन्न वाया जाऊ नये म्हणून."

भेसळीच्या हळदीकडं बघावं तसं केरबानं तिच्याकडं बघितलं. "शनवार-रयवारी लोनावळ्याला मानूस मावत न्हाई. माजी बुंदी गरम करून, काचंच्या ताटलीत घालून कुनी इकली तर?"

"तात्या, काहीतरीच काय!"

"आदी झाकण उघडून दाव."

"ॲपला झाकण नसतं हो."

"मंग तर लयच वाईट."

पण सारिकानं हट्ट सोडला नाही. केरबा आचाऱ्याची पातेली या वाटेनं गेली, तर सगळं मावळ जाईल, हे तिला ठाऊक होतं. गावातल्या पोरांच्या फोनात तिनं ॲप आधीच घालून दिलं होतं. शेवटी केरबा म्हणाला, "बरं. कोंडाजीच्या घरच्या लग्नात बघू. पर त्या टेम्पोवर माजा डोळा ऱ्हानार."

कोंडाजीच्या पोरीचं, सविताचं, लग्न. कोंडाजीची अर्धी भावकी वडिवळ्याला. बंगल्याच्या प्लॉटसाठी जमीन विकण्यावरून त्यांच्यात बिनसलेलं. केरबानं विचारलं तेव्हा कोंडाजी म्हणाला, "येनार. सोता जाऊन हात जोडून आलोय." केरबाला वास वेगळा येत होता. पण तुझे भाऊ येणार नाहीत, हे आचाऱ्यानं धन्याला कोणत्या तोंडानं सांगावं? त्यानं त्यांच्यासकट तांदूळ काढला.

मुहूर्त दुपारचा होता. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, वडिवळ्याची गाडी आलीच नाही. भाताची दोन मोठी पातेली आणि बुंदी जशीच्या तशी. कोंडाजी मांडवाच्या तोंडाशी उभा राहून व्याह्यांना सांगत होता, "वडिवळ्याचे आले ना, मागच्या पंगतीला बसून गेले." केरबानं ते ऐकलं आणि आपणच वाढलं असावं तशी मान हलवली.

मागं चुलाणापाशी सारिकानं बटण दाबलं. टेम्पोला मांडव सापडावा म्हणून ॲप नाव विचारत होतं, गाव विचारत होतं, किती माणसांचं ते विचारत होतं. ती भरत गेली. केरबाचं तिकडं लक्षच नव्हतं. तो रज्जाकच्या हातांकडं, टेम्पोच्या फळ्यांकडं, ताडपत्रीच्या गाठींकडं बघत होता.

टेम्पो निघाला तसा केरबानं मोटरसायकल काढली आणि मागं लागला. कामशेतला टेम्पो एका हॉटेलापुढं थांबला. 'सापडला!' केरबा पिंपळाच्या बुंध्याआड झाला. रज्जाक उतरला, पाण्याची बाटली भरून घेतली आणि परत बसला. पुढं रस्त्याच्या कडेला जिथं पुलाचं काम चाललं होतं, तिथं मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. बाया भांडी घेऊन आल्या. एका पोरीनं बुंदी मुठीत घेतली आणि मूठ पाठीमागं लपवली. केरबा बराच वेळ बघत राहिला. तिथून टेम्पो टाकव्याला गेला. पत्रावळ्या आणि देठं खड्ड्यात पडली, बायांनी वर पाला आणि शेण पसरलं. काहीच वावगं सापडलं नाही. केरबाला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, इतका वेळ पाळत ठेवून हाती काही लागलं नाही म्हणून.

दिवस कलताना तो गावात शिरला, तर पारावरची माणसं एकदम गप्प झाली. पानटपरीवाला कैलास फोन हातात घेऊन हसत होता.

"केरबा आबा, वडिवळ्याची भावकी जेवून गेली म्हनं?"

"व्हय."

"मंग ह्ये काय?" त्यानं फोन वाचून दाखवला. "औंढे, कोंडाजींच्या मांडवात तीनशे माणसांचं जेवण उरलं आहे. घेऊन जा." पारावर खसखस पिकली. "सगळ्या पोरांच्या फोनात आलंय, आबा. व्याह्याच्या गावात बी पोचलं आसंल."

अन्नाच्या मागं केरबा थेट टाकव्यापर्यंत गेला होता, आणि बातमी त्याच्या पाठीमागं गावभर फिरून आली होती.

घरी सारिका भिंतीला टेकून बसली होती. "मी ते काढून टाकलं, तात्या. आता कुणाचं नाव दिसणार नाही, आकडा दिसणार नाही. फक्त टेम्पोवाल्याला कळेल."

"गावाच्या डोक्यातनं कसं काडशील?"

"मला सुचलंच नाही."

"तुजं ऱ्हाऊ दे. मला सुचाया पायजे व्हतं. मी रज्जाकच्या हाताकडं बघत बसलो."

"मी जाते कोंडाजीकाकांकडं. सांगते, फोनची चूक."

"फोन खोटं बोलला न्हाई, पोरी. तीच तर पंचाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव सोडायला माणसं जमली. केरबा आपली पातेली न्यायला आला, मागोमाग रज्जाकच्या टेम्पोतून सारिका. कोंडाजी दोर गुंडाळत होता. त्यानं केरबाकडं बघितलं नाही. ज्याच्या हाती चुलाणं दिलं, त्याच्याच घरातून आपली अब्रू बाहेर गेली, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

केरबा मांडवाच्या मधोमध उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"कोंडाजीभाऊ, माज्याच्यानं चूक झाली. तांदूळ लय काडला. अंदाज चुकला माजा."

दोर सोडणारे हात थांबले. कैलासनं भुवया चढवल्या. "तुमचा अंदाज चुकला? तुमचा, आबा?"

"व्हय. वय झालं."

"आनि वडिवळ्याची मानसं?"

"जेवली. मी सोता वाढलं."

"गाडी तर दिसली न्हाई कुनाला."

"तू गाड्या बगत व्हतास का? मला तर तू सगळा येळ बुंदीपाशीच दिसलास."

माणसं हसली. काहींना पटलं, काहींनी एकमेकांकडं बघितलं. पण ज्यानं उभ्या जन्मात आपली चूक कबूल केली नाही, त्यानं ती चारचौघांत कबूल केल्यावर त्याला खोटं पाडायला कुणाची जीभ रेटेना. एक म्हातारा मात्र शेजारच्याच्या कानाशी म्हणाला, "भंडाऱ्याला औंदा दुसरा आचारी बघाया पायजे." ते केरबालाही ऐकू गेलं.

कोंडाजी पुढं आला. काही बोलणार होता. केरबानं हातानंच थांबवलं, सगळ्यात मोठं पातेलं उचललं आणि डोक्यावर पालथं घेतलं.

सारिका मदतीला धावली, तर पातेल्याच्या आतून घुमणारा आवाज आला, "बारकी भांडी टेम्पोत घाल. मी चालत जातो."

तो बांधावरून निघाला. तांदूळ बरोबर होता, मापट्यागणिक बरोबर होता, हे सारिकाला माहीत होतं आणि कोंडाजीला माहीत होतं. दोघंही उभे राहून बघत राहिले, ती उलथणं हातात धरून, तो दोराचं टोक. पातेलं खांद्यापर्यंत आलेलं, त्यामुळं जाताना त्याचा चेहरा कुणालाच दिसला नाही.