आईच्या कमरेची पिशवी

गेल्या वर्षी मी आईला फसवलं. तिच्या भल्यासाठी होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते सांगताना तेव्हाही माझी नजर खालीच असायची.

सिंदी मेघेच्या आमच्या घरात आई न्हाणीत घसरली. मनगटावर निभावलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "पुढच्या वेळी खुबा मोडला, तर या वयात उठणं कठीण." घाबरून मी एक संरक्षक चड्डी मागवली. तिच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढ्या मऊ गाद्या होत्या. त्यांच्या कापडात एक दाट द्रव मुरवलेला असतो. हळू दाबलं तर बोट आत जातं. जोरात आदळलं तर त्याच क्षणी ते कापड कडक होतं आणि मार हाडापर्यंत पोचू देत नाही.

चड्डी पाहून आई म्हणाली, "काऊन रे, मी का कबड्डी खेळाले चालली?"

मग मी गाद्या उसवून काढल्या. आई कमरेला सुपारीची पिशवी बांधते. शिंप्याकडून तशाच दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि अस्तरात एकेक गादी दडवली.

"एकीत सुपारी, दुसरीत किल्ल्या," मी तोंड साळसूद ठेवून म्हणालो. "दोन्हीकडे वजन सारखं राह्यते."

तिनं मुकाट्यानं बांधल्या. पुढे रोज चहा देताना मी चोरून तिच्या कमरेकडे बघायचो.

एका दुपारी वऱ्हांड्यातून टकटक ऐकू आली. आई खाटेवर बसली होती. रिकामी पिशवी मांडीवर, तिच्यावर सुपारी, आणि हातात लोखंडी बत्ता. शेजारच्या काकू कौतुकानं पाहत होत्या.

"आई, मांडी फुटंल!"

"नाई फुटत. हळू दाबलं त लोणी, हाणलं त गोटा. तुया बापाच्या उलट. तो गोडीनं बोललं त गोटा आन ओरडलं का लोणी."

काकू पदरात तोंड घालून हसल्या.

"दुसरी पिशवी कुठं हाये?" मी विचारलं.

काकूंनी हळूच आपल्या डाव्या कमरेवर हात ठेवला.

"तुयी काकू बी पडली होती मागं," आई म्हणाली. "तुया डॉक्टर बाहीर काय बोलला, ते आयकलं मी. कान धड हायेत माये."

"मंग चड्डी काऊन नाई घातली?"

"चड्डी घातली असती त मी मलेच म्हातारी दिसली असती. पिशवी देतानी तुयं थोबाड पाह्यलं. म्हटलं, पोरगं लय भ्यालं, बांधून घेऊ."

"पण आता तुयी डावी बाजू उघडी पडली ना!"

"संध्याकाळी पाह्यजो."

संध्याकाळी दोघी देवळात निघाल्या. आई उजवीकडे, काकू डावीकडे. पिशव्या बाहेरच्या बाजूंना, उघडे खुबे आतल्या बाजूला. आणि मध्ये हातात हात इतका घट्ट की पडायचं म्हटलं तरी जागा नव्हती. पूर्वी आई एकटीच जायची, भिंत धरत.

गाद्यांचा आणखी एक जोड मागवायला हवा, हे मला कळतं. मोबाइलवर काढूनही ठेवला आहे. पण प्रत्येकीला दोन-दोन पिशव्या मिळाल्या, तर त्या हात सोडतील, अशी भीती वाटते. म्हणून मी आईला रोज सांगतो, "माल संपला हाये."

तीही रोज म्हणते, "असू दे, घाई नाई."