वेलदोड्याची मूठ

दार उघडलं की समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आधी मूठ पुढे करायच्या. ‘ये’ नाही, ‘बस’ नाही; बंद मूठ थेट आपल्या नाकाखाली. मग बोटं सावकाश उघडायची. आत नुकतेच कुटलेले वेलदोडे. “आला का?” त्या विचारायच्या. वास आला असं कबूल केल्याशिवाय आत प्रवेश नसे.

आता कुवेतमध्ये वेलदोड्याचं कुणाला काय कौतुक? फिंतासच्या आमच्या इमारतीत अरबी कॉफीमुळे लिफ्टलासुद्धा तोच वास. पण काकूंचे वेलदोडे कॉफीसाठी नसत, मांदाझीसाठी असत. काकूंचा जन्म मोंबासाचा. वडील तिथे नोकरीला होते. शेजारच्या स्वाहिली बाईंकडून काकूंची आई मांदाझी शिकली आणि आईकडून काकू. मैदा, यीस्ट, साखर, वेलदोडे आणि पाण्याच्या जागी नारळाचं दाट दूध. पीठ फुगलं की जाडसर पोळी लाटायची, चार तुकडे करायचे आणि तळायचे. ऐकायला किती सोपं! मी घरी करून पाहिली, तेव्हा माझ्या मुलांनी “ममा, इट्स ओके” एवढंच म्हटलं आणि ताटली हळूच बाजूला सारली.

काकूंची मात्र तेलात पडली की टुम्म फुगायची. आतून पोकळ. त्या पोकळीत नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे भरून खायचे. मालवणकडचा एक इलेक्ट्रिशियन कामाला आला असताना खाऊन म्हणाला, “काकी, ह्ये तर आमचे वडेच!” काकूंना राग आला. त्यांनी त्याला वड्यांत आणि मांदाझीत फरक काय हे समजावलं, आणि समजावता समजावता ताटलीभर खायला घातलं.

एसीत पीठ फुगत नाही, म्हणून त्या पातेलं खाली पार्किंगमधल्या गाडीत नेऊन ठेवत. एकदा हे काकांना सांगायचं राहिलं. काका आपले गाडी घेऊन एगैलाच्या मॉलला गेले. परत येईपर्यंत पिठाने झाकण ढकलून मागची सीट बळकावली होती. काका तणतणत वर आले, तर ह्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, मग त्याला पट्टा का नाही लावलात?”

मग ती साथ आली. काकू आजारी पडल्या, बऱ्याही झाल्या, पण गेलेला वास काही परत आला नाही. मूठ मात्र पुढे येतच राहिली. फरक एवढाच, की आता त्या उत्तराची खरोखर वाट पाहायच्या. “आला का? खरं सांग हं. माझी कीव नको करूस.” वेलदोडे जुने नाहीत ना, तेल खवट नाही ना, हे सांगायच्या कामी माझं नाक कायमचं नेमलं गेलं.

टोरोंटोच्या मुलीपासून त्यांनी हे लपवून ठेवलं होतं. “गॅस गळला तरी तुला कळायचं नाही, म्हणेल. माझी शेगडीच बंद करेल ती. मग मी करू काय गं दिवसभर?” मुलीचंही चुकलं नसतं. म्हणून तर सिलिंडर काका स्वतः सोडत आणि स्वतः बंद करत.

आणि मुलगी आली. पहाटे पोचून झोपली होती. ती उठायच्या आत मांदाझी व्हायला हवी होती, आणि चवीत जराही उणं पडून चालणार नव्हतं. नेमकं आदल्या दिवशी धुळीचं वादळ होऊन गेलं होतं आणि माझं नाक गच्च चोंदलं होतं. मूठ पुढे आली.

“आला का?”

“नाही हो, काकू. मला आज कसलाच वास येत नाहीये.”

त्यांचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तोंडाला पदर लावून त्या हसायला लागल्या. “म्हणजे आज आपल्या दोघींत मिळून एकही नाक नाही!”

“काकांना बोलवू?”

“त्यांना? दूध करपलं तर मी सांगितल्यावर कळतं त्यांना.”

त्यांनी कुटलेली पूड सरळ टाकून दिली. नवे वेलदोडे नखाने सोलले, एकेक दाणा चिमटीत चोळला. चिकट लागले ते ठेवले, कोरडे बाजूला सारले. नारळ कानाशी हलवून निवडला. दुधाचा थेंब जिभेवर घेतला. गोड-आंबट तेवढं जिभेला अजून समजत होतं. पीठ मळलं, गाडीत ठेवून फुगवून आणलं, लाटलं. मग तेलात पिठाचा कण टाकून डोळे मिटून ऐकत राहिल्या. “आता,” म्हणाल्या. तुकडा सोडला, झाऱ्याने वर तेल उडवलं आणि तो टुम्म फुगला. दुसरा फुगला. तिसरा. माणसाकडून काही हिरावून घेतलं, तरी त्याच्यात इतकं उरतं? देवळात उभं राहावं तशी मी ओट्यापाशी उभी होते.

तेवढ्यात मुलगी डोळे चोळत दारात आली. तिला कुणीच हाक मारली नव्हती.

“आई, अगं कसला वास सुटलाय घरभर! मला वाटलं मी आजीकडेच आहे.”

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. झारा हलतच होता, पण पदर डोळ्यांशी गेलेला मला दिसला.

“आला का?” त्यांनी विचारलं.

“येणार नाही का? जाग त्यानेच आली.”

काका निवृत्त झाले, अकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना संपला, दोघं पुण्याला गेली. तिथे गेल्यावर काकूंनी आपणहून मुलीला सगळं सांगून टाकलं. मुलीने येऊन गॅस तेवढा काढला आणि विजेची शेगडी आणून दिली. इथे त्यांच्या दाराला आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. जाता-येता माझी नजर अजून तिकडे जाते.

परवा शुक्रवारी मी पुन्हा मांदाझी करायला घेतली. वेलदोडे कुटले आणि काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काही बोलायच्या आधी बंद मूठ फोनसमोर धरली आणि बोटं सावकाश उघडली.

काकूंनी चष्मा काढला. फोन नाकाजवळ नेला, इतका जवळ की मला नुसते त्यांचे मिटलेले डोळे दिसत होते. त्यांनी खोल श्वास घेतला.

“आला गं,” त्या म्हणाल्या.