सरकीचं पोतं आणि वेताची खुर्ची

त्या खुर्च्या आठवल्या की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बुलढाण्याच्या डाकबंगल्यापुढच्या हिरवळीवर वेताच्या खुर्च्या मांडलेल्या असत. त्यांची निगा एक म्हातारा राखी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी कचेरीतला कारकून, तिथं उतरलेल्या गोऱ्या साहेबाच्या सह्या घ्यायला रोज जाई. तो मिठाच्या पाण्यानं वेत घासायचा, खुर्च्या सावलीत उलट्या ठेवून वाळवायचा, मग जवसाचं तेल बोटानं विणीत जिरवायचा. शेवटी वीण जोखायला खुर्चीवर सरकीचं पोतं ठेवायचा. कारण आपल्या माणसांनी त्या खुर्च्यांवर बसायचं नाही, असा हुकूम होता; तशी वळणदार मराठी अक्षरांतली पाटीही हिरवळीवरच्या झाडाला ठोकलेली होती.

एका सकाळी साहेब बसला आणि वीण फाटली. त्यानं सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला कामचोर म्हटलं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पोतं हालत नाही साहेब, माणूस हालते. बसल्याबिगर मले खुर्ची कशी समजन?"

साहेबाला ते कळलं नाही. मला कळलं, तरी मी सहीचे कागद साहेबापुढे धरले. साहेब आत गेल्यावर मात्र मला कंठ फुटला. म्हटलं, "बसा बाबा एकदा. पाहू कोण काय म्हणतं."

त्यानं झाडावरच्या पाटीकडे बोट केलं. "मले वाचता येत नाही, बाबूजी. पण ते बसू नोको म्हणते, एवढं ठाऊक हाय. कोनं लिहिली असन जी?"

कचेरीत माझ्याइतकं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.