कच्च्या सुतावरची मेथी

...तर माग विकत घ्यायला आलेला तो लाकूडवाला मागापाशी गेला, आडव्या लाकडावर हात ठेवला आणि उलट्या पावली बाहेर आला. "उद्या येतो," म्हणाला. काहून, ते सांगेना. चहाही न पिता गेला गडी.

माग म्हणजे नत्थूजींचा हातमाग. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, घरातल्या अंधाऱ्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. नत्थूजी त्या खड्ड्यात पाय सोडून बसत, पायानं पावडी दाबत आणि डाव्या हातानं धोटा फेकत. ते गेले, माग थांबला. मग त्यांच्या बायकोनं, रंभाबाईनं, त्यावर मेथी सुकवायला सुरुवात केली.

परसातली मेथी हो, विकतची नाही. उन्हात टाकली की पिवळी पडते. अंधारात, वाऱ्यावर सुकली की हिरवीगार राहते. त्यांच्या सुनेनं, ऋतुजानं, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकदा ती मायक्रोवेव्हमध्ये सुकवली होती. बिडीतल्या तमाखूसारखी झाली, आणि तिचा नवरा वैभव वरण सोडून शिंकतच बसला.

या वैभवलाच माग विकायचा होता. माग गेला की घराला कुलूप आणि आईला मनीषनगरला न्यायचं. रंभाबाई हो म्हणेनात, नाही म्हणेनात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आईला तयार करायला त्यानं ऋतुजाला धाडलं.

ऋतुजा खोलीत शिरली. मागावर आडव्या ताणलेल्या सुतांना मेथीच्या जुड्या उलट्या लटकलेल्या, खाली पायखड्ड्याचा काळोख. वारा नव्हता, तरी मधली एक जुडी हलत होती.

"आई, हे तर कच्चं सूत आहे. ओल्या मेथीचं वजन कसं झेलंन?"

"नाही झेलत," रंभाबाई म्हणाल्या.

कोष्ट्याच्या घरात जन्म गेलेल्या बाईनं कच्च्या सुतावर वजन टांगावं? गल्लीतल्या बाया म्हणायच्या, म्हातारीचं डोकं फिरलं. ऋतुजालाही तसंच वाटलं. तेवढ्यात मधलं सूत तुटलं. जुडी खड्ड्यात पडली. ऋतुजा वाकली, तर सासूनं मनगट धरलं.

"राहू दे वं. उचलू नोको. चल, जेवून घेऊ."

रंभाबाईनं खोलीच्या एकुलत्या दाराला कडी घातली आणि दोघी दारासमोरच ताटं घेऊन बसल्या. वाळल्या मेथीचं वरण, ज्वारीची भाकर. अर्धी भाकर झाली असेल, आतून आवाज आला. पावडी दबल्यासारखा, एकदाच. ऋतुजाचा घास हातातच राहिला.

"उंदीर असंन," ती म्हणाली.

"असंन," रंभाबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात वरण वाढलं.

जेवण झाल्यावर कडी काढली. जुडी जागेवर लटकत होती. खड्डा रिकामा.

ऋतुजा जवळ गेली. तुटलेलं सूत जोडलेलं होतं. रंभाबाईची गाठ साऱ्या घराला ठाऊक, जाडी आणि ढिली. त्यांनी जन्मभर सुताच्या कांड्या भरल्या, मागावर ताणलेल्या सुताला, ताण्याला, गाठ कधी मारलीच नाही. ही गाठ मोहरीहून लहान होती, कोष्ट्याची. आणि उलट्या अंगानं वळलेली. वैभव नेहमी सांगायचा, बाबा डावखुरे, त्यांची गाठ उलटी वळते.

तिनं बाकीची सुतं पाहिली. एका-एका सुताला अशा किती गाठी! काही जुन्या, धुळीनं काळ्या पडलेल्या. काही पांढऱ्या. एक तर अजून ओलसर होती, थुंकी लावून वळावी तशी.

ती बाहेर आली आणि वैभवला फोन लावला. "लाकूडवाल्याले नाही म्हणून सांगा. माग जाणार नाही."

"काहून? आई रडली काय?"

"नाही. तुम्ही फक्त सांगा." तिनं फोन ठेवला.

रंभाबाई दाराशी उकिडव्या बसून नवी जुडी बांधत होत्या. जुन्या कांडीवरून कच्चं सूत सोडून घेत होत्या. ऋतुजा त्यांच्या शेजारी टेकली. ती म्हणाली, "आई, मी उद्या नायलॉनचा दोरा आणून देते. पक्का. मग जुड्या पडणार नाहीत."

रंभाबाईनं दातानं सूत तोडलं, खोलीकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नोको आणू वं. पक्क्या दोऱ्याले गाठ माराले कोण येईन?"