साफ फोटो

न्हावऱ्याला आमच्या घरी बहिणीच्या दुसऱ्या बाळाची, मुलीची, पाचवी होती. पूजेच्या पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचं होतं. त्या दिवशी सटवाई येते आणि बाळाचं पुढचं सगळं लिहून जाते, अशी समजूत.

आत्याने पेन ठेवलं, तशी बहीण म्हणाली, "आत्या, चालतंय का बघा आधी. मागल्या टायमाला बिगर शाईचंच दिलं व्हतं वाटतं."

"गप गं," आत्या म्हणाली. पण तिने पेन तळहातावर ओढून पाहिलं.

तिचा पहिला मुलगा सहा महिन्यांचा असताना गेला होता. एक संसर्ग बरा होईस्तोवर दुसरा. तो तीन महिन्यांचा असताना दौंडला त्याच्या छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा मी सोबत होतो. फुफ्फुसं साफ आहेत, असं अहवालात होतं. वर्तमानपत्रात काम करतो म्हणून घरातले सगळे कागद वाचायला माझ्याकडेच येत. मी घरी फोन करून सांगितलं, "फोटो साफ आहे." आत्याने आळीत साखर वाटली.

नवव्या दिवशी मुलीला ताप आला. शिरूरच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढायला सांगितला आणि आधीच्या मुलाचं ऐकून त्याची जुनी फिल्मही मागितली. बहिणीने ती साड्यांखाली जपून ठेवली होती. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि मधोमध बोट ठेवलं.

"इथं, हृदयाच्या वर, तान्ह्या बाळात एक सावली दिसते. थायमस ग्रंथीची. याच्यात दिसत नाही. आजारपणात ती आक्रसते, त्यामुळे नुसत्या फिल्मवरून ठाम सांगता येणार नाही."

पुढचं मी सवयीने टिपून घेतलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी त्या ग्रंथीत घडतात. बहुतेक तिथेच मरतात. ज्या वाचतात त्या नवख्याच बाहेर पडतात आणि जंतू भेटल्यावर काम शिकतात. थोड्या मात्र वेगळ्या. एकही जंतू पाहण्याआधी, ग्रंथीत असतानाच त्यांचं काम ठरतं. शेजारच्या पेशी त्यांना काय दाखवतात आणि किती जोरात खुणावतात, त्यावरून कुणी विषाणूंसाठी तयार होते, कुणी बुरशीसाठी. मग त्या कातडीत, फुफ्फुसात, यकृतात जाऊन बसतात आणि वाट पाहतात.

"काय करायचं ते लिहूनच पाठवलेल्या असतात म्हणा," बाई म्हणाल्या. आमच्या कोऱ्या कागदाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. माझं टिपणं तिथेच थांबलं.

मुलीची फिल्म आली. हृदयाच्या वर, एका बाजूला, पानासारखी पांढुरकी सावली होती. "आहे," बाई म्हणाल्या. तरी खात्रीसाठी रक्त पुण्याला तपासायचं ठरलं.

बाहेर बाकावर बहीण मुलीला मांडीवर घेऊन बसली होती.

"दादा, फोटो साफ हाय का?"

"नाही."

तिने मुलीला पदराखाली ओढलं.

"सावली आहे," मी घाईने म्हणालो. "ती असायलाच हवी. असली म्हणजे चांगलं."

तिने पदर थोडा बाजूला केला. मग म्हणाली, "आन् तवा साफ हाय म्हणून तूच सांगितलं व्हतंस."