गॉबनेटचा विस्तव

गॉबनेट चर्चला निघाली की विस्तवाचं लोखंडी भांडंही बरोबर निघायचं. वर राख, खाली निखारे. पोरं खिदळायची, पाद्री कुरकुरायचे. ती कुणालाच भीक घालत नसे.

तिच्या आजेसासूने पेटवलेला विस्तव बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला त्या सालापर्यंत कधी विझला नव्हता. आमच्या आयर्लंडच्या केरीत चूल पेटती आहे तोवर घर नांदतं धरतात. घर पाडायला आलेली जमीनदाराची माणसंसुद्धा आधी चूल विझवत, मगच छपराला हात घालत.

नवरा मर्टी सरकारी रस्त्यावर खडी फोडता फोडता गेला. जमीनदाराला तिच्या शेतात मेंढ्या चारायच्या होत्या. गॉबनेट घरातून हलेना. पण पोटाचं काय? धर्मादाय कढईतली लापशी ज्याची त्याने जाऊन आणायची, असा नियम.

शेजारचा थेडी म्हणजे घरचाच माणूस. तिच्या लेकीच्या, अबीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून तोच उभा राहिला होता.

"जा वहिनी, निर्धास्त जा. विस्तव मी सांभाळतो."

"झोप लागेल हो तुम्हाला."

"मेलो तरी डोळा लागू देणार नाही!"

कित्येक दिवसांनी ती हसली. अबीला कडेवर घेऊन निघाली.

परतली तेव्हा चुलीत पाणी ओतलेलं होतं. छपराचं गवत अंगणात पडलं होतं, आणि घर पाडायला तुळईला बांधलेला दोर ओढणाऱ्यांत थेडी सगळ्यांत पुढे.

"माझीही पोरं उपाशी आहेत, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला.

"आणि ही रे कुणाची? हिच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा शपथ कुणी घेतली होती, मेल्या?"

जमीनदाराकडून तिने कधी काही अपेक्षाच केली नव्हती. थेडीच्या हाती मात्र तिने घर दिलं होतं. ते तिच्या काळजातून शेवटपर्यंत गेलं नाही.

पुढे बहिणीच्या आसऱ्याने ती जगली. बहिणीच्या चुलीतले निखारे घेऊन तिने स्वतःची चूल मांडली, पण तो विस्तव पुन्हा कुणावर सोडला नाही. अबी मोठी झाली, तिचा संसार झाला, तरी तिलाही चुलीपाशी एकटं बसू दिलं नाही.

शेवटच्या दुखण्यात गॉबनेटला उठवेना. तरी चुलीकडे सरपटत निघाली, तेव्हा अबीने तिला धरलं.

"आई, पड गं जरा. विस्तव मी सांभाळते."

गॉबनेटने पोटच्या लेकीकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

"तोही असंच म्हणाला होता," ती म्हणाली, आणि तिने विस्तवाचं भांडं अंथरुणाजवळ ओढून घेतलं.