अप-डाउनवाल्याचा परदेशी पास

मुलगी फोनवर ‘पास’ म्हणाली आणि माझ्या बायकोनं अर्धं सोललेलं संत्रं तसंच ताटात ठेवून दिलं.

फेब्रुवारीतला रविवार. जेवणं झाली होती. अमरावतीच्या आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही दोघं दुपारच्या उन्हात चटई टाकून बसलो होतो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यातून मुलगी पुण्याहून बोलत होती. मे महिन्यात आम्ही दोघं स्वित्झर्लंडला जाणार होतो. आयुष्यातला पहिला परदेश. विमान ठरलं, राहायच्या जागा ठरल्या, आता प्रश्न उरला होता तो तिथल्या रेल्वेचा.

“पास काढला की रेल्वे, बस, तळ्यातली बोट, सगळ्यांत बसता येतं,” मुलगी सांगत होती. “कुठंही चढा, कुठंही उतरा. पण तो महाग आहे. रोज गाडीत बसणार असाल तरच परवडतो. नाहीतर अर्ध्या भाड्याचं एक कार्ड भेटते, ते घ्या अन् लागेल तेव्हा तिकीट काढा. तुम्ही गाडीत किती बसणार, एवढंच मले सांगा.”

“त्यात विचारायचं काय आहे?” बायको म्हणाली. “पास नाही काढायचा. तुह्या बाबायनं सारी नोकरी अप-डाउन करण्यात घालवली. आता हौसेनं फिराले चालले, तर तिथंबी पास? बसू दे त्यायले तळ्याच्या काठी निवांत.”

“बाबा, तुम्ही बोला ना.”

“आई म्हणते तसं,” मी म्हणालो.

हे माझं घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य.

“मग संध्याकाळी मी कार्ड काढून टाकते,” असं म्हणून मुलीनं फोन ठेवला.

आमच्याकडे पास म्हणजे एकच, महिन्याचा पास. घर अमरावतीला आणि ऑफिस अकोल्याला, तेव्हा सकाळी स्कूटरनं बडनेरा स्टेशन गाठायचं, स्टँडवर स्कूटर लावायची, गाडी पकडायची, संध्याकाळी तेच उलटं. याला वऱ्हाडात अप-डाउन म्हणतात आणि अप-डाउन करणाऱ्या माणसाकडे लोक जरा दयेनंच बघतात. मला ती दया भरपूर मिळाली. घरात शिरलो की हात-पाय धुवायला गरम पाणी तयार असे. भाकरी तव्यावरून थेट ताटात येई. भाजीबाजार, नातेवाइकांची बारशी, गॅसच्या नळीची तक्रार, यांतलं काही माझ्यापर्यंत पोचत नसे. “ते थकून येतात,” असं बायको सगळ्यांना सांगे. मुलगीही लहानपणी तेच सांगत असे.

खरं सांगायचं, तर मी थकून येत नसे. मी मजा करून येत असे.

गाडीत आमचा एक डबा ठरलेला होता. पहिला चढेल त्यानं बाकड्यांवर रुमाल टाकून इतरांची जागा धरायची, हा नियम. कुणाच्या तरी ब्रीफकेसवर पत्ते मांडले जात. वरूडचा एकजण हंगामात सोमवारी पिशवीभर संत्री आणी, आणि सालं खिडकीबाहेर न टाकता पेपरात गोळा करायची असा त्याचा दंडक होता. सगळ्या डब्याला त्या सालांचा वास येई. आणि या डब्यातला सगळ्यात बडबड्या माणूस कोण? मी. साहेबाची नक्कल मी करायचो. तिकीट तपासनिसाची, लग्नातल्या रुसलेल्या जावयाची. अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर यायच्या आत डबा हसून हसून आडवा झालेला असे. बडनेऱ्याला उतरेपर्यंत माझ्याजवळचं बोलणं संपलेलं असे आणि घरी पोचे तो एक गप्प माणूस. त्याला सगळे म्हणत, बिचारा.

याहून वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. एकदा अमरावतीच्या ऑफिसात जागा निघाली होती. अर्ज केला असता तर मिळाली असती. मी केला नाही. घरी म्हणालो, “नाही जमलं.” बायकोनं त्या दिवशी मुद्दाम पुरणपोळी केली, माझं मन रमावं म्हणून. ती पोळी माझ्या घशाखाली कशी उतरली ते मलाच ठाऊक. दोन खाल्ल्या, हेही खरं.

आता गच्चीवर तोच घास परत आला होता. मला पास हवा होता. अगदी लहान मुलाला हवा असावा तसा. मुलीनं पाठवलेला त्या देशाचा रेल्वेचा नकाशा मी गुपचूप पाठ करत आणला होता. डोंगराच्या पोटातून जाणारी गाडी, तळ्याला वळसा घालून जाणारी गाडी. आणि मी काही बोललो नाही तर संध्याकाळी कार्ड निघणार होतं आणि मी एका तळ्याच्या काठी बाकावर निवांत बसणार होतो. दररोज.

बायको तर दयेत आणखी पुढं गेली. “मी तुमाले तिथं सकाळी उठवणारच नाही,” ती म्हणाली. “अन् ती मानेची उशी घेऊन घेऊ. बाहेर जायचंच नाही म्हटलं तरी चालन मले.”

“अगं,” मी म्हणालो.

“काय?”

“मले गाडीत बसायले आवडते.”

“हाव, एखाद्या दिवशी बसू ना.”

“तसं नाही. मले अप-डाउन आवडत होतं. पहिल्यापासून.”

आणि मग मी सगळंच सांगितलं. पत्ते, संत्री, नकला. ती ऐकत होती, मधे मधे हसतही होती, म्हणून माझी भीड चेपली आणि मी बदलीचंही सांगून टाकलं. तिथं तिचं हसणं थांबलं.

“अर्जच नव्हता केला?”

“नाही.”

“अन् मी अंबादेवीले नवस बोलली होती. तुमची बदली झाली तर खणानारळानं ओटी भरीन म्हणून. कावून नाही सांगितलं तवाच?”

मी ताटातलं अर्धं संत्रं हातात घेतलं. ती उठली. “मले राग येऊन राहिला आहे,” ती स्वच्छ आवाजात म्हणाली, “थोडा वेळ येऊ द्या,” आणि जिना उतरून गेली. खाली भांड्यांचा आवाज झाला. मग कपाटाचा. मग बराच वेळ कसलाच नाही. मी संत्र्याच्या फोडींवरचे धागे काढत बसलो. इतक्या स्वच्छ फोडी मी जन्मात सोलल्या नसतील.

ती परत आली तेव्हा हातात चहाचे दोन कप होते आणि तोंड कसंनुसं झालं होतं. मला वाटलं, रडली. जवळ आल्यावर कळलं, हसू दाबत होती.

“तुम्ही सांगितलं, तर मीबी सांगते,” ती म्हणाली. “नवस बोलली होती ते खरं आहे. पण बोलताना देवीले हळूच म्हटलं, घाई नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तुम्ही सकाळी गेले की घर माह्यं होतं. कामं आटपली की रेडिओ लावून मोठ्यानं गाऊन घ्यायची. दुपारी शेजारच्या काकू अन् मी चौकात दह्यातला गिलावडा खायले जात होतो, अन् तुमची गाडी यायच्या आत परत. तुमचा फोन आला ना, गाडी लेट आहे म्हणून, की मी ‘अरे देवा’ म्हणत होती अन् फोन ठेवून नाचत होती.”

“आणि गरम पाणी?”

“ते लाजेनं. माणूस तिकडं हाल काढून राहिला, अन् मी इकडं गिलावडे खाऊन राहिली. म्हणून पाणी.”

मी किती वर्षांनी घरात इतक्या मोठ्यानं हसलो, सांगता येत नाही. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, काय झालं म्हणून. बायकोनं उत्तर दिलं, “काही नाही, बदली झाली ह्यायची!” मी तर निवृत्त झालेला माणूस.

हसू ओसरल्यावर तीच म्हणाली, “बरं, ती नक्कल करा पाहू. जावयाची.” मी केली. पहिल्यांदाच घरात. चटईवर, हातात कप घेऊन. तिला ती आवडली, पण तिचं म्हणणं पडलं की रुसलेला जावई मान अशी वळवत नाही, अशी वळवतो, आणि तिनं करून दाखवलं ते माझ्यापेक्षा सरस होतं.

संध्याकाळी मुलीला तिनंच फोन लावला. “दोन पास काढ.”

“दुपारी तर नाही म्हणून राहिली होती. रोज बसणार आहात का गाडीत?”

“बाबाले गाडीतून ओढून काढावं लागन. अन् मले पाह्यजे तिथं उतरायचं आहे. ते बसतीन, मी उतरीन. तिकिटं काढत बसलो, तर दोघायले एकाच जागी जावं लागन ना सारखं.”

“आई, तुमचं भांडण झालं का?”

“झालं होतं. संपलं.”

पास परवडला की नाही, ते मुलीनं नंतर पुष्कळदा विचारलं. मला अजून सांगता आलेलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी, तळ्याकाठच्या एका चिमुकल्या स्टेशनवर तिला उतरावंसं वाटलं. तिथं एका बाईनं तारेवर चादरी वाळत घातल्या होत्या, एवढंच कारण. ती उतरली, हात हलवला, आणि मी पुढं गेलो, डोंगरातून, बोगद्यातून, शेवटच्या स्टेशनापर्यंत. वाटेत समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला मी तिकीट तपासनिसाची नक्कल करून दाखवली. भाषेवाचूनच. आजी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

परतीच्या गाडीत मी शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. डबा जवळजवळ रिकामा होता. तिच्या स्टेशनवर गाडी थांबली, ती चढली, रुमाल बघितला.

“कोण घेऊन राहिलं हो इथं माह्यी जागा?”

ती बसली. चेहरा उन्हानं लाल झाला होता. काय काय केलं, विचारलं, तर म्हणाली, काहीच नाही, बाकड्यावर बसून गाणी म्हटली. मग खिडकीबाहेर बघत जरा हळहळली.

“अजून थोडं बसायचं होतं मले. पण इथल्या गाड्या लेट नाही होत. एवढीच एक खोट आहे या देशात.”